सटीचं आवतन

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक सहसा नोकरी कुठे, माणसं किती, पाणी किती लागतं असलं काहीतरी विचारतात. आमच्या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"वांगं कशावर भाजता?"

मी कोकणातला. लग्नाला सहा महिने झालेले, अंबडच्या कारखान्यात नुकती नोकरी लागलेली आणि नाशकात ओळखीचं कुणी नाही. वांगं भाजतात हेसुद्धा मला ऐकूनच माहीत होतं. शेजारी बायको उभी होती, तिच्याकडे पाहिलं तर ती कालव्याच्या पाण्याकडे पाहत होती. मी आपलं चाचरत म्हटलं, "गॅसवर भाजत असू."

"गॅसवर वांगं भाजत नाय," ते म्हणाले. "गॅसवर वांगं भितं. साल काळी पडती अन् आत कच्चंच ऱ्हातं." मग आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्यांनी किल्ली पुढे केली. "ऱ्हा. शिकशीला."

त्यांना सगळा परिसर नाना म्हणायचा, म्हणून आम्हीही नानाच म्हणू लागलो. मखमलाबादच्या रस्त्याला कालव्याच्या कडेने त्यांचं अडीच एकर रान होतं. त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू. पिढ्यान्पिढ्या भाजीपाला पिकवणारं माळ्याचं घर. रानाच्या तोंडाशी ओळीने बांधलेल्या तीन खोल्यांत आम्ही भाडेकरू राहायचो. नाना कुणालाच नावाने हाक मारत नसत. माणूस जिथून आला तेच त्याचं नाव. माझं नाव कोकण. पलीकडच्या खोलीत यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा एक जण होता, तो मालेगाव. तिसऱ्या खोलीतले शाळामास्तर, ते निफाड. "कोकण, तुझं पाणी आलं का रं? मालेगावला सांग, तुझं झालं की तू भर," असं अंगणातून ओरडले की नवख्या माणसाला वाटे, हे धरणाचं काम बघतात की काय.

नानी, म्हणजे त्यांची बायको, सटाण्याकडची. इतकी वर्षं नाशकात काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती. नानांच्या तऱ्हांबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं आणि ते ती नानांसमोरच ऐकवायची. "तुमना नाना येडा शे." नाना मान डोलवायचे. घरातल्या माणसाने नाव ठेवलं तर त्यांना ते मुळीच लागत नसे. बाहेरच्या कुणी कौतुक केलं तर मात्र ते संशयाने बघायचे.

आता वांग्याचं सांगतो, कारण नाना समजायचे तर आधी वांगं समजलं पाहिजे. घरात खंडोबा. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-वांग्याचं शेवटचं जेवण व्हायचं आणि त्यानंतर पार मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत दोन्ही बंद. चंपाषष्ठीला तिकडे सगळे 'सट' म्हणतात. सटीला खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, मग घरच्यांनी वांगं तोंडात घालायचं. असं पुष्कळ घरांत पाळतात. पण नाना स्वतः वांगी पिकवायचे. पावसाळाभर पाट्याच्या पाट्या भरून लूनावरून पंचवटीच्या बाजारात न्यायचे आणि जिभेवर एक फोड ठेवायचे नाहीत. गिऱ्हाईक विचारायचं, "नाना, गोड आहेत का?" नाना शांतपणे म्हणायचे, "मला काय म्हाईत? सटीला सांगीन."

हे 'सटीला सांगीन' हळूहळू त्यांच्या बोलण्यात सगळीकडे शिरलं होतं. मास्तरांनी विचारलं, यंदा निवडणुकीत कोण येईल, तर "सटीला सांगीन." माझ्या बायकोने विचारलं, मोरीचा पाइप कधी बदलणार, तर "सटीला सांगीन." माझी मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो आणि सहज म्हटलं, नाना, नाव सुचवा. ते बराच वेळ विचार करून "सटीला सांगतो" म्हणाले. सट पाच महिने लांब होती. आम्ही थांबलो नाही, म्हणून त्यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला.

हिवाळा लागला की नानांच्या अंगात वारं भरायचं. पहाटे रानात दहिवर पडायचं, तोंडातून वाफा निघायच्या आणि हा सत्तरीला टेकलेला माणूस कानाला मफलर गुंडाळून वांग्याच्या ओळींतून मुकादमासारखा फिरायचा. सटीसाठीची झाडं त्यांनी आधीच हेरून ठेवलेली असत. भरताची मोठी, फिकट हिरवी वांगी. त्यांच्या देठाला ते चिंध्या बांधून ठेवायचे, म्हणजे तोडणाऱ्या बायकांनी चुकून पाटीत टाकू नयेत. वांगं हातात घेऊन ते हलकं लागलं पाहिजे, हा त्यांचा नियम. जड वांगं म्हणजे आत नुसतं बी. मला त्यांनी तीन हिवाळे हे शिकवलं आणि तिन्ही हिवाळे मी जडच वांगं निवडलं. "कोकण, तुझ्या हाताला मासाच कळतो," हा त्यावरचा शेरा.

भोगीला त्यांची आणखी एक तऱ्हा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते प्रत्येक खोलीच्या दारात भाजीचं एक गाठोडं ठेवायचे. सोललेला हरभरा, घेवड्याच्या शेंगा, गाजरं, कोवळी वांगी, मूठभर बोरं. मग दुपारी बाराच्या सुमाराला ते प्रत्येक दारासमोरून सावकाश चालत जायचे, नुसता वास घेत. पहिल्या वर्षी भाजी पुरेल की नाही म्हणून बायकोने त्यात दोन बटाटे टाकले. नाना दारात थबकले.

"बटाटा कुणी टाकला?"

बायको म्हणाली, "थोडासाच आहे, नाना."

"थोडा असो का लय, त्यो भोगीचा हाय का? कुठून आला त्यो?" असं म्हणून ते खरोखर आत आले, पातेल्यात डोकावले आणि डावाने एकेक फोड बाहेर काढून ताटलीत ठेवत बसले. बायकोला राग यायला हवा होता, पण तिला हसू फुटलं. नंतर तिने तिळाची भाकरी वाढली, ती नानांनी तिथेच उंबऱ्यावर बसून खाल्ली आणि जाताना काढलेले बटाटेही खाऊन गेले. म्हणाले, "टाकून कशाला द्यायचे."

माझी पहिली सट मला चांगली आठवते, कारण आदल्या दिवशी नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आमच्या दारात आले होते. रोज बनियनवर दिसणारा माणूस असा समोर उभा राहिल्यावर मी घाबरलो. त्यांनी बायकोच्या पुढे हळद-कुंकवाचा करंडा धरला, माझ्यापुढे हात जोडले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "उद्याच्या सटीचं आवतन हाय. घरच्या समद्यांनी यायचं. चूल पेटवायची नाय." आवतन म्हणजे आमंत्रण. एवढं बोलून ते मालेगावच्या दाराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तुरीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजली. धुराचा वास पार कालव्यापर्यंत गेला. सोललेली वांगी लाकडी मुसळीने ठेचली, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची कोवळी पात. चुलीवर नानी बाजरीच्या भाकरी थापत होती. पण जेवणाआधी तळी. पितळी ताटात खोबरं, पानसुपारी आणि हळदीचा भंडारा ठेवतात आणि पाच पुरुषांनी ते धरून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीनदा उचलायचं असतं. पाच म्हणजे पाचच. नाना, त्यांचा पुण्याहून आलेला मुलगा, मालेगाव, निफाडचे मास्तर आणि मी. मी इतक्या जोरात उचलली की खोबऱ्याची वाटी घरंगळत अंगणात गेली आणि कुत्र्याने ती पळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना म्हणाले, "त्याचाच वाटा होता. खंडोबाचं कुत्रं हाय, तुझ्या हातून मागून घेतलं त्यानं."

असं भरीत मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. बाजरीची भाकरी भाताच्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही म्हणतात, मी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या वर्षी सटीच्या आदल्या दिवशी आम्ही वाट बघत होतो. नाना समोरून दोनदा गेले, पण थांबले नाहीत. धोतर नाही, टोपी नाही, करंडाही नाही. रात्री बायको म्हणाली, "मोरीच्या पाइपावरून फार बोललात का?" मी आठवून पाहिलं, थोडंफार बोललो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दार लोटून पिठलं-भात घेऊन बसलो. बाहेरून धुराचा वास येत होता आणि मी खोटं कशाला सांगू, पिठलं गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. नाना भंडाऱ्याने कपाळ माखून उभे. आमच्या ताटांकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"तळी खोळंबलीया अन् तू पिठलं खातो?"

"नाना, आवतन नव्हतं म्हणून..."

ते मटकन उंबऱ्यावर बसले. खरंच दुखावले होते. "आवतन पाहुण्याला असतं, कोकण. गेल्या साली तू नवा होतास, दिलं. आता वरीसभर माझ्या हौदाचं पाणी पितोस. अजून पाहुणाच हायस का? तसं असंल तर सांग, दरसाली करंडा घेऊन येतो."

मी ताट तसंच झाकून उठलो. त्या दिवशी मला त्या घराचा कायदा समजला. परक्याला बोलवायचं असतं. घरच्या माणसाने यायचं असतं. घरच्याला बोलावलं, तर तो त्याचा अपमान. त्यानंतर आम्हाला कधी आवतन आलं नाही आणि आम्ही एकही सट चुकवली नाही.

पण एक गोष्ट मला दरवर्षी खटकायची. नानी ताटं मांडायची, तेव्हा एक ताट जास्त असायचं. त्याच्यापुढे पाटही असायचा. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ते तसंच राहायचं आणि जेवताना नाना अधूनमधून शेवग्याच्या कुंपणाकडे बघायचे. एकदा मी नानीला विचारलं. ती हळूच म्हणाली, "बापूनं ताट शे ते."

म्हणजे बापूचं ताट. बापू हे नानांचे धाकटे भाऊ. शेवग्याच्या कुंपणापलीकडचं रान त्यांचं. मी त्यांना झेंडू आणि शेवंतीत वाकलेले रोज बघत होतो, पण ते नानांचे सख्खे भाऊ आहेत हे मला वर्षभराने कळलं, कारण दोघे एकमेकांशी बोलतच नव्हते. काही वर्षांपूर्वी वाटणी झाली होती. विहीर बापूंकडे गेली, देव थोरल्याकडे राहिले. देव एकाच घरी राहतात, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला आणि नाना चार माणसांसमोर म्हणाले, "आजपासून तू वेगळा." त्या वर्षीपासून बापू सटीला आले नाहीत.

एवढंच असतं तर ते जगात पुष्कळ घरी असतं. पण बापूही त्याच घरात वाढलेले. देवाचा नैवेद्य झाल्याशिवाय वांगं खायचं नाही, हे त्यांच्याही हाडात भिनलेलं. देव नानांकडे, नैवेद्य नानांकडे. बापूंना मुलगा नाही, एकच मुलगी, ती पिंपळगावला दिलेली. पाच हात जमवून वेगळी तळी भरावी, तर भरायची कुणासमोर? म्हणून सट यायची, जायची आणि बापूंची सट काही सुटायची नाही. त्यांच्या बायकोने एका पावसाळ्यात माझ्या बायकोला सांगितलं की आमच्या घरात आठ वर्षं वांगं शिजलेलं नाही. हे नानांनाही ठाऊक होतं. एकदा वांगी तोडता तोडता ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ल्हानपणी त्याच्याइतकं भरीत कुणी खायचं नाय. आईच्या वाट्याचं बी खायचा." मी पाटी पुढे सरकवली. ते माझ्याशी बोलत नव्हतेच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बातमी आली की बापूंनी रान एका बिल्डरला देऊन टाकलं. संक्रांतीनंतर ते बायकोला घेऊन लेकीच्या गावी, पिंपळगावला राहायला जाणार होते. म्हणजे कुंपणापलीकडे बापू असलेली ही शेवटची सट. नानांनी बातमी ऐकली आणि लूनाला किक मारून बाजारात निघून गेले. लूनावर पाटीच ठेवली नव्हती, रिकामीच घेऊन गेले.

माझ्या अंगात तेव्हा मध्यस्थी करायची खुमखुमी फार होती. मी सरळ बापूंकडे गेलो. ते शेवंतीच्या जुड्या बांधत होते. मी म्हटलं, "बापू, सटीला चला की."

"आवतन हाय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुम्ही घरचेच ना. घरच्याला आवतन लागत नाही."

"घरच्याला लागत नाय, बरोबर. पण त्यो चार माणसांत बोलला, तू वेगळा. वेगळा म्हंजे पाहुणा. पाहुण्यानं आवतनाबिगर दुसऱ्याच्या पंगतीला जावं का? तूच सांग."

मी कुंपण ओलांडून नानांकडे आलो. "नाना, एक आवतन द्या ना बापूंना. एकदाच."

नानांनी खुरपं खाली ठेवलं. "आवतन दिलं म्हंजे त्यो पाहुणा झाला. मी माझ्या तोंडानं सख्ख्या भावाला पाहुणा करू? आई वरून काय म्हणंल?"

"पण 'वेगळा' तुम्हीच म्हणालात."

"रान वेगळं म्हणलो. पाणी वेगळं म्हणलो. जेवाण वेगळं कधी म्हणलो? त्याला कळाया नको?"

दोघंही एकाच आईच्या हातचा कायदा सांगत होते आणि दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती. मी नानीकडे दाद मागायला गेलो. ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुमना नाना येडा शे, आनि त्याना भाऊ बी येडा शे." पण बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मी खोलीवर येऊन बायकोला म्हटलं, आता आपल्या हातात काही नाही.

सटीच्या दिवशी नाना पहाटेच उठले होते. चिंध्या बांधलेली वांगी स्वतः तोडली, काड्यांचा जाळ स्वतः केला. त्या वर्षी त्यांनी इतकी वांगी भाजली की मालेगाव म्हणाला, "नाना, गावजेवण आहे का?" नानांनी जाळात आणखी एक वांगं ठेवलं. सटीच्या दिवशी त्यांना 'सटीला सांगीन' असंही म्हणता येत नव्हतं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. पुण्याहून मुलगा. कारखान्यात मशीन बंद पडलं होतं, त्याला निघता येत नव्हतं. नानांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि अंगणात येऊन आमच्याकडे पाहिलं. नाना, मालेगाव, मास्तर आणि मी. चारच. देव्हाऱ्यातले खंडोबाचे चांदीचे टाक धुऊन-पुसून मांडलेले, रीतीप्रमाणे खाली टोपी ठेवून तिच्यावर तळीचं ताट मांडलेलं, नैवेद्य वाढलेला आणि एक हात कमी.

"कोकण, जा," नाना म्हणाले. "रस्त्यावर कुणी घावतंय का बघ. शाळंचा शिपाई असंल. नायतर पिठाच्या गिरणीवाला."

मी निघालो. खरं सांगतो, फाटकापर्यंत माझ्या मनात गिरणीवालाच होता. फाटकाशी आल्यावर मला शेवग्यापलीकडे बापू दिसले. ते काम करत नव्हते. बांधावर नुसते बसले होते आणि आमच्या अंगणातून जाणाऱ्या धुराकडे तोंड करून होते. मी गिरणीकडे न वळता कुंपणाकडे वळलो.

मी बोलावलं नाही. तेवढी अक्कल मला एवढ्या वर्षांत आली होती. मी कुंपणाच्या अलीकडूनच म्हटलं, "बापू, तळीला एक हात कमी पडतोय. पुण्याहून पोरगा आला नाही. तळी खोळंबली आहे."

बापू माझ्याकडे वळले. जेवायला जायचं तर आवतन लागतं. पण तळी म्हणजे जेवण नव्हे, तळी देवाचं काम. खोळंबलेल्या तळीला हात लावायला कुणी आवतन मागत नाही. हे सगळं त्यांच्या डोक्यातून जाताना मला दिसत होतं. मग ते उठले, चपला बांधावरच काढल्या आणि शेवग्याच्या दोन खोडांमधून, मातीच्या पायांनी, अलीकडे आले.

बापू अंगणात येऊन उभे राहिले. नानीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. नानांनी बापूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आता मला खोली सोडायला सांगतात, असं मला वाटलं. पण ते वाकले आणि ताटाला हात लावला. आम्ही चौघांनी लावला. बापूंनी समोरच्या बाजूला जागा धरली, बहुधा त्यांची नेहमीचीच असावी, कारण मास्तर न सांगता बाजूला सरकले. 'येळकोट येळकोट जय मल्हार.' एकदा उचललं, दोनदा उचललं. तिसऱ्यांदा नानांचा आवाज मध्येच फुटला आणि उरलेली आरोळी बापूंनी एकट्याने पुरी केली.

सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागला. नैवेद्य दाखवला. कुत्र्याला भाकरी-भरीत घातलं. बापूंनी देवाला हात जोडले, टाकांवरून एकदा नजर फिरवली आणि कुंपणाकडे वळले.

काम झालं होतं. जेवायला थांबा असं त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं आणि म्हणणारही नव्हतं. मी नानांकडे बघितलं. एक शब्द, एवढंच पाहिजे होतं, आणि नेमका तोच शब्द त्यांच्याने उच्चारवत नव्हता. तो शब्द ते बोलले असते तर बापू जेवले असते, पण पाहुणे होऊन. आणि न बोलले तर तीन पावलांवर शेवगा होता. माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला होता. मला त्या क्षणी त्या दोघांचाही भयंकर राग आला.

बापू दोन पावलं गेले.

"हात धू," नाना म्हणाले.

बापू थांबले.

"भंडारा हाय हाताला," नाना दुसरीकडेच बघत म्हणाले. "हात धुऊन घे."

आईने पोराला पानावर बसायच्या आधी म्हणावं, तसं ते वाक्य होतं. त्याला आवतन कुणीच म्हणू शकलं नसतं. बापू हौदाकडे गेले, हात धुतले, पाय धुतले आणि धोतराच्या सोग्याला पुसत येऊन त्या जास्तीच्या ताटावर बसले. नानीने काही न विचारता भाकरी वाढली. भरीत तिने इतरांच्या दुप्पट वाढलं.

आम्हीही बसलो, पण कुणी जेवत नव्हतं. सगळे बापूंचा पहिला घास बघत होतो. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून सावकाश चावलं. आठ वर्षांनंतरचं वांगं. मास्तरांना राहवलं नाही. ते म्हणाले, "झकास झालंय ना?"

बापूंनी घास गिळला. "मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मास्तर गोरेमोरे झाले. मला वाटलं, संपलं सगळं. नानांनी मात्र मान वर करून त्या दिवशी पहिल्यांदाच भावाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मंग ऊठ अन् घे," ते म्हणाले. "बरणी हाय तिथंच हाय."

बापू गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि चिनीमातीची बरणी घेऊन आले. चिमूटभर मीठ आपल्या भरतात टाकलं आणि मग, न विचारता, नानांच्याही.